नसरापूरपासून विमानतळ किती तास?

पुणे-सातारा महामार्गावर नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्यावरच्या गाडीवाल्याला पुण्याच्या विमानतळावर सोडायला सांगितले की तो आधी विचारतो, "फ्लाइट कितीची?" मग उलटा हिशेब सुरू होतो. सकाळी 9 चे विमान असेल तर 7 ला विमानतळाच्या दारात पोहोचायला हवे. पहाटे रस्ता मोकळा असतो, म्हणून नसरापुरातून 5 ला निघाले तरी चालते. माणूस वेल्ह्याकडून येणार असेल तर 4 ला. विमान संध्याकाळी 8 चे असेल तर मात्र दुपारी साडेतीनच्या आत गाडी हायवेला लागली पाहिजे. अंतर तेच, जेमतेम 50 किलोमीटर. पहाटे सव्वा तासात संपते, संध्याकाळी अडीच तासांतही संपेल याची खात्री नसते.

पुण्याहून दिल्ली सरळ रेषेत सुमारे 1,150 किलोमीटर आहे आणि विमानाला तिथे जायला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. म्हणजे नसरापूरच्या प्रवाशाला वाईट दिवशी पहिले 50 किलोमीटर पुढच्या 1,150 किलोमीटरपेक्षा जास्त वेळ घेतात. पुण्याच्या नव्या विमानतळाची चर्चा दोन दशकांपासून सुरू आहे. तिच्यात जागा, एकर, धावपट्टी आणि मोबदला या गोष्टी येतात आणि त्या यायलाच हव्यात. पण भोर आणि वेल्हे (आता राजगड) या दोन तालुक्यांच्या दृष्टीने हा प्रश्न किलोमीटरचा कमी आणि वेळेचा जास्त आहे. तो आज कुठवर आला आहे, कोण काय म्हणते आणि काय अजून लोंबकळते आहे, याचा हा आढावा.

आकाशातले अंतर आणि तिकिटावरची वेळ

दोन विमानतळांमधले अंतर म्हणून जो आकडा सांगितला जातो, तो पृथ्वीच्या पृष्ठभागावरच्या सर्वांत जवळच्या वाटेचा असतो. चेंडूवर दोन टिंबे काढून त्यांच्यात दोरा ताणून धरावा, तशी ही वाट. वैमानिक ती नॉटिकल मैलांत मोजतात. एक नॉटिकल मैल म्हणजे 1,852 मीटर. या मापाने पुण्याहून नागपूर सुमारे 605 किलोमीटर, जळगाव 320, सिंधुदुर्गातले चिपी 290, कोल्हापूर 215 आणि मुंबई अवघे 125 किलोमीटर भरते.

जमिनीवर हेच आकडे फुगतात. नागपूर रस्त्याने 700 किलोमीटरच्या पुढे जाते. ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालेली अजनी-पुणे वंदे भारत 881 किलोमीटर धावते आणि त्याला 12 तास घेते. विमानाला या मार्गावर साधारण दीड तास लागतो. त्या दीड तासातही सगळा वेळ उडण्याचा नसतो. तिकिटावर छापलेली वेळ ही विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या ठिकाणी जाऊन थांबेपर्यंतची असते. विमान कंपन्यांच्या भाषेत ब्लॉक टाइम. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, चढाई, उतरण्याआधीच्या घिरट्या हे सगळे तिच्यात धरलेले असते. अंतर कितीही कमी असले तरी हा ठरलेला खर्च सुटत नाही. म्हणूनच 125 किलोमीटरचे मुंबई आणि 320 किलोमीटरचे जळगाव यांच्या वेळांत अंतराच्या मानाने फारसा फरक पडत नाही.

वाराही हिशेबात येतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. पुण्याहून सुमारे 1,580 किलोमीटरवरच्या कोलकात्याला जाताना त्यांची मदत होते, परतताना तेच आडवे येतात. त्यातच भारतात विमानाला नेहमी सरळ जाता येत नाही. 2020 च्या मे महिन्यात केंद्र सरकारनेच सांगितले होते की देशाच्या हवाई क्षेत्राचा केवळ 60 टक्के भाग नागरी उड्डाणांना मोकळा आहे. बाकीचा संरक्षण दलांसाठी राखीव. तेव्हापासून तो वाटून वापरण्याचे प्रयत्न झाले आहेत. पुण्याच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा, कारण इथले विमानतळच हवाई दलाचे आहे.

लोहगावची मर्यादा

लोहगावचा तळ 1939 मध्ये ब्रिटिशांच्या हवाई दलासाठी उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर तो भारतीय हवाई दलाकडे आला आणि नागरी विमानांना त्याच्या एका कडेला जागा मिळाली. आजही धावपट्टी आणि हवाई नियंत्रण हवाई दलाचे आहे. सुखोई विमाने जिथून उडतात, त्याच पट्टीवरून आपली बंगळूरू आणि दिल्लीची विमाने उडतात. दिवसात किती नागरी उड्डाणे बसवायची हे त्यामुळे एकट्या विमानतळ प्राधिकरणाच्या हातात राहत नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी विमानतळ 2 आठवडे पूर्ण बंद ठेवावे लागले, तेव्हा एकाच पट्टीवर सगळे शहर किती अवलंबून आहे ते दिसले.

पट्टीची लांबी अडीच किलोमीटरच्या थोडी वर आहे. समुद्रसपाटीपासून उंची 592 मीटर. उंची वाढली आणि ऊन तापले की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि विमानाला दौड जास्त लागते. उन्हाळ्याच्या दुपारी मोठे विमान भरल्या इंधनाने आणि भरल्या आसनांनी इथून उडवणे अवघड ते याचसाठी. लुफ्तान्साने 2008 मध्ये पुणे-फ्रँकफर्ट सेवा सुरू केली ती नेहमीच्या मोठ्या विमानाने नव्हे, तर कमी आसनांच्या खास लहान विमानाने. दुबई, बँकॉक इथवर मध्यम विमाने पोहोचतात. त्यापलीकडे जाणाऱ्याला मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागते.

टर्मिनलचा प्रश्न मात्र बराच हलका झाला आहे. मार्च 2024 मध्ये उद्घाटन झालेले नवे टर्मिनल त्याच वर्षी जुलैत वापरात आले. ते सुमारे 52 हजार चौरस मीटरचे असून वर्षाला 90 लाख प्रवाशांसाठी बांधले आहे. प्रवासीसंख्या आता वर्षाला एक कोटीच्या पुढे गेली आहे. इमारत वाढली तरी पट्टी आणि आकाश तेवढेच राहिले, ही लोहगावची खरी अडचण.

जागा बदलत गेल्या

नव्या विमानतळाचा विचार आधी पुण्याच्या उत्तरेला, खेड तालुक्यात चाकण-राजगुरुनगरच्या बाजूला झाला. उद्योगांना ते सोयीचे होते. शेतकऱ्यांचा विरोध आणि डोंगराळ भूभाग या दोन्हींपुढे तो बारगळला. 2016 मध्ये राज्य सरकारने पुरंदर तालुका जाहीर केला. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी ही 7 गावे आणि सुमारे 2,800 हेक्टर जमीन असा तो पहिला आराखडा होता. पुरंदर किल्ल्यावर जन्मलेल्या छत्रपती संभाजी महाराजांचे नाव या विमानतळाला देण्याचे ठरले. 2018 मध्ये केंद्राची जागेला मंजुरी मिळाली.

मग सरकारे बदलली आणि जागाही. विरोध लक्षात घेऊन पूर्वेला, बारामतीच्या बाजूच्या गावांचा पर्याय पुढे आला. 2021 मध्ये संरक्षण मंत्रालयाने त्याला नकार दिला आणि गाडी पुन्हा मूळच्या 7 गावांवर आली. मे 2025 मध्ये ड्रोन सर्वेक्षणाच्या वेळी गावकरी आणि पोलीस समोरासमोर आले, लाठीमार झाला, माणसे जखमी झाली. त्यानंतर सरकारने क्षेत्र निम्म्याहून खाली, 1,285 हेक्टरवर आणले आणि मोबदल्याबरोबर 10 टक्के विकसित भूखंड देऊ केला. त्या अटींवर बहुसंख्य जमीनधारकांची संमती आल्याचे 2025 च्या उत्तरार्धात प्रशासनाने सांगितले. लाठीमार आणि संमती यांत काही महिन्यांचेच अंतर आहे. त्यामुळे संमतीचा आकडा वाचताना तो कोणत्या वातावरणात जमला याचाही विचार वाचकाने करावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

कोण काय म्हणते

विमानतळ हवे म्हणणाऱ्यांचे म्हणणे थोडक्यात असे: पुण्यासारख्या उद्योगी शहराला स्वतःची लांब धावपट्टी नाही हे महागात पडते. गाड्यांचे सुटे भाग, औषधे, फुले, भाजी हा माल मुंबईमार्गे जातो. परदेशी जाणारा प्रवासी आधी 150-200 किलोमीटर रस्ता तुडवतो आणि मग विमानात बसतो. दोन लांब पट्ट्या असल्या तर युरोपला थेट जाता येईल आणि हवाई दलाच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्यावे लागणार नाही. पुण्याचे उद्योजक आणि व्यापारी संघटना हे वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत. तिकडे मराठी मुले ज्या प्रमाणात परदेशी गेली आहेत, ते पाहता हे म्हणणे फक्त उद्योगाचे राहिलेले नाही. भोर तालुक्यातही आता अशी घरे आहेत जिथे आजी-आजोबा नातवंडाच्या जन्मासाठी अमेरिकेला निघतात आणि घरची मंडळी रात्री गाडी करून त्यांना मुंबईला सोडून येतात.

शेतकऱ्यांचे म्हणणे वेगळ्या पायावर उभे आहे. पुरंदर एकेकाळी दुष्काळी म्हणून ओळखला जाई. उपसा सिंचनाचे पाणी आले, शेततळी झाली आणि अंजीर, सीताफळ, पेरू, वाटाणा यांनी गावे सावरली. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. विमानतळाची जागा जाहीर झाली तेही त्याच वर्षी. ज्या पिढीने उजाड जमीन बागायत केली, तिच्याच हयातीत ती जाते आहे. पैसा मिळेल, भूखंडही मिळेल, पण पुढची पिढी करील काय, हा त्यांचा प्रश्न आहे. त्याला मोबदल्याच्या दराने उत्तर मिळत नाही. खानवडी हे महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे गाव, त्यामुळे तिथल्या भावना शेतीपुरत्या मर्यादित नाहीत.

तिसरी बाजू म्हणते की लोहगावच वाढवावे. पट्टी लांबवावी, लगतची जमीन घ्यावी, हवाई दलाशी वेळांचा नवा करार करावा. यात विस्थापन कमी आणि खर्चही कमी. पण पट्टी लांबवली तरी ती एकच राहते आणि तिच्यावरचा पहिला हक्क हवाई दलाचा राहतो, हे या बाजूलाही मान्य करावे लागते.

चौथी बाजू नवी मुंबईकडे बोट दाखवते. दि. बा. पाटील यांचे नाव लाभलेल्या त्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये झाले आणि डिसेंबरअखेर विमाने उडू लागली. तिथली पट्टी 3,700 मीटरची आहे. द्रुतगती मार्गाने पश्चिम पुण्यातून ते मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या मानाने बरेच जवळ पडते. मग पुरंदरचा पसारा कशासाठी, असा हा युक्तिवाद. हिंजवडीच्या माणसाला तो पटेल. नसरापूरहून मात्र नवी मुंबई 140-150 किलोमीटरच्या घरात जाते आणि वाटेत घाट आहे. मुंबईपेक्षा बरे, एवढेच म्हणता येते.

नसरापूरच्या बाजूने मोजले तर

नकाशावर पट्टी ठेवली तर नसरापूरहून लोहगाव सरळ रेषेत 36 किलोमीटरच्या आसपास आहे, पुरंदरची जागा पंचवीस-तीस. म्हणजे नवे विमानतळ स्पष्टच जवळचे. रस्त्याने मात्र हा फायदा बहुतेक विरून जातो. नसरापुरातून महामार्गाने दक्षिणेला कापूरहोळ, तिथून डावीकडे वळून केतकावळ्याच्या प्रतिबालाजीवरून नारायणपूर, पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याने सासवड आणि पुढे एखतपूरची बाजू. ही बेरीज 45 किलोमीटरच्या घरात जाते. लोहगाव 50, पुरंदर 45. फरक 5 किलोमीटरचा.

वेळेचा हिशेब इथून वेगळा होतो. लोहगावच्या वाटेवर अडथळे ओळीने उभे आहेत. खेड-शिवापूरचा टोलनाका, सुट्टीच्या दिवशी तिथली रांग, मग कात्रज. कात्रजला दोन वाटा. बोगद्यातून नऱ्हे आणि नवले पूल, जिथल्या अपघातांच्या बातम्या वाचून या भागातल्या प्रत्येक घराला तो उतार माहीत झाला आहे. किंवा कात्रज चौकातून कोंढवा, हडपसर, मुंढवा, खराडी. कात्रज-कोंढवा रस्त्याचे रुंदीकरण भूसंपादनात इतकी वर्षे अडकले आहे की आता त्याची तारीख कोणी विचारत नाही. हा सगळा रस्ता शहराचा आहे, आणि शहराच्या रस्त्यावर वेळ रोज वेगळी लागते.

पुरंदरच्या वाटेवर शहर नाही. वळणे आहेत, गावे आहेत, गुरुवारी आणि दत्तजयंतीला नारायणपूरची गर्दी आहे, पावसाळ्यात धुके आहे. पण तास-सव्वा तास म्हटले तर साधारण तेवढाच लागतो. विमान पकडणाऱ्याला सरासरी वेळ कमी असण्यापेक्षा वेळेचा भरवसा जास्त मोलाचा. रस्ता रोज दीड तासाचा असला तर दीड तास आधी निघता येते. कधी सव्वा आणि कधी अडीच तासांचा असला तर रोज अडीच तास धरून निघावे लागते आणि उरलेला वेळ विमानतळाच्या बाकावर जातो. माझ्या मते या पट्ट्यासाठी पुरंदरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे. धावपट्ट्यांच्या लांबीची चर्चा चालते तितकी याची चालत नाही.

या फायद्याला एक अट आहे. कापूरहोळ-सासवड रस्ता आज देवदर्शनाच्या गाड्यांचा आणि शेतमालाचा रस्ता आहे. विमानतळाची वाहतूक आली की तो असाच राहणार नाही. दुसरीकडे, राज्य रस्ते विकास महामंडळाचा पुण्याभोवतीचा सुमारे 170 किलोमीटरचा वर्तुळाकार मार्ग भोर तालुक्यात पुणे-सातारा महामार्गाला मिळणार आहे. त्याचा पूर्वेकडचा भाग पुरा झाला तर हडपसर-मुंढवा टाळून सोलापूर आणि नगर रस्त्यापर्यंत जाता येईल, म्हणजे लोहगावची वाटही सुधारेल. गंभीर गोष्ट अशी की एकच मार्ग दोन्ही विमानतळांचा हिशेब बदलू शकतो. मग विमानतळ आधी की मार्ग आधी, हा क्रम निर्णायक ठरतो.

हैदराबाद आणि बंगळूरू यांचा अनुभव इथे उपयोगी आहे. दोन्ही शहरांनी 2008 मध्ये नवी विमानतळे सुरू केली आणि बेगमपेट, एचएएल ही जुनी, गावातली विमानतळे नियमित प्रवासी विमानांना बंद झाली. हैदराबादने पाठोपाठ, 2009 मध्ये, साडेअकरा किलोमीटरचा उन्नत मार्ग उघडला. बंगळूरूकरांना देवनहळ्ळीच्या नव्या विमानतळाचा रस्ता अनेक वर्षे छळत राहिला. दोन्हीकडे विमान तितक्याच वेळात दिल्लीला पोहोचत होते. प्रवाशाच्या दिवसातले तास मात्र वेगवेगळे जात होते.

गाडी नसलेल्या प्रवाशाचा विचार या चर्चेत फार कमी येतो. भोर आणि वेल्हे तालुक्यांत रेल्वे नाही. वेल्ह्याचा मुलगा पहिल्यांदा नोकरीच्या मुलाखतीला विमानाने जातो तेव्हा एसटीने नसरापूर, तिथून स्वारगेट गाठतो. सप्टेंबर 2024 पासून स्वारगेटहून मेट्रो मिळते. जिल्हा न्यायालय स्थानकात बदलून रामवाडीला उतरायचे आणि शेवटचे काही किलोमीटर बसने किंवा रिक्षाने. हातात बॅग, पाठीला सॅक, तरी ही वाट आजच्या घडीला त्यातल्या त्यात भरवशाची आहे, कारण मेट्रोला कोंडी लागत नाही. स्वारगेट-कात्रज भुयारी मेट्रो झाली की ती आणखी सुधारेल. पुरंदरला अशी वाट आज नाही. वेल्ह्याहून किंवा भोरहून सासवडमार्गे थेट एसटी किती आणि कोणत्या वेळी, हे ठरल्याशिवाय नवे विमानतळ गाडीवाल्यांनाच जवळचे राहील.

पूर्वेचा पुरंदर आणि पश्चिमेचे वेल्हे यांतला वाट्याचा वाद इथे नवा नाही, हेही सांगायला हवे. वेल्हे तालुक्यातल्या गुंजवणी धरणाचे पाणी बंद नळातून भोर आणि पुरंदरला न्यायचे, त्यात आधी कोणाचा वाटा, यावर या तालुक्यांनी बरीच वर्षे वाद घातला आहे. पाणी पूर्वेला गेले, आता रस्ता आणि विमानही पूर्वेलाच, असे वेल्ह्यात कोणी म्हटले तर त्यामागे हा इतिहास आहे. भाटघरच्या जलाशयाने गावे उठलेली या भागाने पाहिली आहेत. पुरंदरच्या 7 गावांची बाजू इथे समजावून सांगावी लागत नाही.

कोणत्या प्रवासाला विमान परवडते

हे सगळे गृहीत धरून दारापासून दारापर्यंत मोजले तर काय निघते? दिल्ली किंवा कोलकाता असेल तर वाद नाही, विमानच. नागपूरला वेल्ह्याहून निघालेला माणूस रस्त्याला अडीच-तीन तास, विमानतळावर दोन, आकाशात दीड आणि उतरून बाहेर पडायला अर्धा असे मिळून सातेक तासांत पोहोचतो. रेल्वेला नुसते पुणे ते अजनी 12 तास लागतात. इथेही विमान पुढे आहे, पण तिकिटावरच्या वेळेने वाटते तितके नाही.

चिपीचा हिशेब अटीतटीचा आहे. नसरापूर महामार्गावर पुण्याच्या दक्षिणेला आहे. इथला माणूस कोकणात जायला आधी उत्तरेला लोहगावपर्यंत जातो आणि मग विमानाने दक्षिणेला येतो. गाडीने थेट निघाला तर सातेक तास. विमानाने सगळे धरून पाच-साडेपाच. वाचतो तो दीड तास. कोल्हापूरला तर विमानाचा विचारच नको. चेलाडी फाट्यावरून चार तासांच्या आत माणूस अंबाबाईच्या दारात असतो.

लहान अंतराच्या विमानसेवा का टिकत नाहीत याचे एक उत्तर या हिशेबात आहे. 2016 मध्ये आखलेल्या आणि एप्रिल 2017 मध्ये दिल्ली-शिमला उड्डाणाने सुरू झालेल्या उडान योजनेत तासाभराच्या उड्डाणाला सुमारे अडीच हजार रुपये तिकीट आणि कंपनीला तीन वर्षे तूटभरपाई अशी रचना होती. महालेखापरीक्षकांच्या 2023 च्या अहवालानुसार पहिल्या तीन टप्प्यांत दिलेल्या 774 मार्गांपैकी 403 सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या 371 पैकी 112 मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली आणि त्यानंतर 54 उरले. महाराष्ट्रात जळगाव, नांदेड, नाशिक, कोल्हापूर यांना योजनेचा उपयोग झाला. सोलापूर आणि अमरावती 2025 मध्ये नकाशावर आली. पण चिपीपासून सरळ रेषेत 50 किलोमीटरच्या आत गोव्याचे मोपा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाले आणि मोठ्या शेजाऱ्यापुढे लहान विमानतळ कसे झाकोळते ते दिसू लागले.

लहान अंतराच्या विमानसेवेकडे दुसऱ्या टोकाने पाहिले तर चित्र उलटते. श्रीनगर ते लेह सरळ रेषेत 255 किलोमीटर, रस्त्याने 420 च्या आसपास, आणि वाटेतली झोजिला खिंड हिमवर्षावात बंद. लेहचे विमानतळ 3,256 मीटर उंचीवर आहे. दुपारी तिथे वारे सुटतात आणि हवा आणखी विरळ होते, म्हणून विमाने मुख्यतः सकाळीच येतात-जातात. सह्याद्रीच्या या पट्ट्यातले जे जवान तिकडे तैनात असतात, त्यांना ते विमान सोय म्हणून नाही, सुट्टीवर घरी येण्याची वाट म्हणून हवे असते. नॉर्वेच्या उत्तर टोकाला हीच परिस्थिती आहे. खाड्या आणि बर्फ यांनी तुटलेल्या गावांना जोडण्यासाठी तिथे 1960 च्या दशकाअखेरीपासून 800 मीटरच्या आसपासच्या आखूड धावपट्ट्यांचे जाळे विणले गेले आणि तोट्यातल्या मार्गांचा भार सरकार उचलते. अंतरे 100-200 किलोमीटरचीच, पण रस्त्याने अर्धा दिवस. फ्रान्सने 2023 मध्ये नेमके उलटे केले. जिथे रेल्वेने अडीच तासांच्या आत पोहोचता येते, तिथली देशांतर्गत उड्डाणे बंद केली. दोन्ही निर्णयांचे माप एकच होते: दुसऱ्या साधनाने लागणारा वेळ. अंतराची मर्यादा कोणी घातली नाही. महाराष्ट्रातल्या लहान विमानतळांचे निर्णय या मापाने झाले असते, तर काही ठिकाणी धावपट्टीऐवजी चांगली गाडी किंवा चांगला रस्ता आला असता, असे मला वाटते.

काय अजून ठरायचे आहे

पहिला मोठा प्रश्न आकाशाचा. लोहगाव आणि पुरंदरची जागा यांत सरळ रेषेत 30 किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. गोव्यातल्या दाबोळी आणि मोपा या विमानतळांत सुमारे 40 आहे, मुंबई आणि नवी मुंबईत पंचवीसच्या आत. म्हणजे दोन विमानतळे इतकी जवळ चालू शकतात. पण मुंबई-नवी मुंबईत लढाऊ विमानांचा सराव होत नाही, आणि दाबोळीच्या नौदल तळाबरोबर वेळा वाटून घ्याव्या लागतात. लोहगावचे सुखोई आणि पुरंदरची प्रवासी विमाने कोणत्या उंचीवर, कोणत्या दिशेने, कोणत्या तासाला उडणार, यावर पुरंदरच्या विमानांना थेट वाट मिळते की वळसा, हे ठरेल. 10 मिनिटांचा वळसा लहान उड्डाणाला फार जड जातो.

दुसरा प्रश्न लोहगावच्या नागरी टर्मिनलचा. ते चालू राहणार, की बेगमपेटच्या वाटेने जाणार? नवे विमानतळ जुन्यापासून 150 किलोमीटरच्या आत असले तर केंद्राची विशेष परवानगी लागते, आणि पुरंदर तर पुणे आणि नवी मुंबई दोन्हींच्या त्या कक्षेत आहे. दोन्ही चालू राहिली तर उत्तर पुण्याला लोहगाव आणि दक्षिणेला पुरंदर अशी वाटणी होईल, पण दोन्हीकडे उड्डाणे अर्धी होतील. नसरापूरच्या माणसाला सकाळचे दिल्ली पुरंदरहून आणि बंगळूरू लोहगावहून, अशी धावपळ करावी लागेल. एकच ठेवले तर उलट अडचण लोहगावच्या आसपास राहणाऱ्या लाखो लोकांची.

तिसरा प्रश्न गावांचा. जमीन कमी झाली म्हणजे कोणत्या घरांची सुटली आणि कोणाची गेली, विकसित भूखंड नेमका कुठे आणि कधी मिळणार, कुळांना आणि भूमिहीन मजुरांना त्यात काय, हे जमीनधारकांच्या संमतीच्या टक्केवारीत दिसत नाही. अंजिराच्या बागेत तोडणीला जाणाऱ्या बाईच्या नावावर सातबारा नसतो.

चौथा रस्त्याचा, आणि भोर-वेल्ह्याला तो सर्वांत जवळचा. कापूरहोळ-नारायणपूर-सासवड रस्ता विमानतळाच्या आराखड्याचा भाग म्हणून रुंद होणार, की विमानतळ झाल्यावर कोंडी पाहून? वर्तुळाकार मार्गावर चढायला नसरापूर-केळवड्याच्या लोकांना जवळ जागा मिळणार, की कुठेतरी लांब वळसा घालून जावे लागणार? वेल्हे-नसरापूर हा 30 किलोमीटरचा रस्ता, ज्यावरून राजगड-तोरण्याचे पर्यटकही येतात, पावसाळ्यात कोणत्या अवस्थेत असतो, हे तिथल्या लोकांना वेगळे सांगायला नको. वेल्ह्याच्या प्रवाशाचा पहिला तास तिथेच जातो आणि कोणतेही विमानतळ तो वाचवू शकत नाही.

या प्रश्नांवर ग्रामसभांनी मागण्यासारखी एक साधी गोष्ट आहे. प्रकल्पाच्या प्रत्येक अहवालात गावाचे नाव, विमानतळाचे नाव, पहाटेची वेळ, संध्याकाळची वेळ, गाडीने आणि एसटीने, असा वेळेचा तक्ता जोडावा. नसरापूर, भोर, वेल्हे, सासवड, जेजुरी, शिरवळ. किलोमीटरचे रकाने ठेवायचे तर ठेवावेत, त्यांच्या शेजारी तासांचे रकाने यावेत.